उभ्या गाडीचा ब्रेक

नजर अधू झाल्यापासून स्तामेनबाबांनी गाडी चालवायची नाही, असं ठरलं होतं. चालवली तर त्यांचा मुलगा ओग्न्यान ती विकून टाकणार होता.

वसंतात गावी येताच त्याने गाडीचं पुढचं चाक उतरवलं. हिवाळाभर उभ्या राहिलेल्या जुन्या गाडीच्या ब्रेकची डिस्क आवळणारा कॅलिपर गंजून जाम झाला असणार, म्हणून तो हातोडी घेऊनच बसला होता. पण कॅलिपर हाताने सहज सरकला. आतली डिस्क लख्ख चकाकत होती.

"बाबा, गाडी बाहेर काढता ना?"

"छे रे! स्टिअरिंगला हात लावला असेल तर झडो तो."

"मग गंज का नाही चढला?"

"आपल्याकडची हवा कोरडी आहे."

"डॅन्यूबच्या काठावर?"

बाबा कोंबड्यांकडे बघू लागले.

"पुरे झालं. उद्याच गिऱ्हाईक आणतो."

तेवढ्यात, जन्मात कधी सायकलवरही न बसलेल्या आईने स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"त्यांच्यावर कशाला ओरडतोस? ते बिचारे नुसते शेजारी बसून मला गिअर सांगतात."