कारणांवर आडवी रेघ

"उत्तर बरोबर आहे, सर. मग गुण कुठे गेले?"

नव्या बाईंनी उत्तरपत्रिका मोठ्या सरांच्या टेबलावर ठेवली. ठेवली कसली, आपटलीच. शाळेत गणिताचं पान सरांच्या परवानगीशिवाय हलत नसे, आणि ती परवानगी मागायला बाई आल्याच नव्हत्या. दाराशी उत्तरपत्रिकेची मालकीण उभी होती. सारखं 'का' विचारते म्हणून वर्ग तिला शंकासुर म्हणायचा. या एका गणितापायी ती नापास झाली होती आणि अख्खं वर्ष पुन्हा त्याच बाकावर बसणार होती.

गणित साधंच होतं. ५क्ष + ७ = २क्ष + २२. पोरीनं आधी दोन्ही बाजूंतून सात वजा केले, मग दोन्ही बाजूंतून २क्ष वजा केले, मग दोन्ही बाजूंना तीननं भागलं. क्ष आला पाच. प्रत्येक ओळीपुढे तिनं कारण लिहिलं होतं आणि सरांच्या लाल पेनानं नेमकी ती कारणंच खोडली होती.

"आपल्याकडे हे असलं चालत नाही," सर म्हणाले. "बाजू बदलली की चिन्ह बदलायचं. दोन ओळींत काम खलास."

"का बदलायचं, तेच तिनं दाखवलंय."

"तुम्ही शिकवलंत वाटतं हे?"

"हो, मीच."

"म्हणजे पोरीचं नुकसान तुम्हीच केलंत."

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. बरोबर उत्तराला शून्य द्यायचं, लेकराचं वर्ष बुडवायचं आणि वर खापर दुसऱ्याच्या माथी फोडून मोकळं व्हायचं. काय म्हणावं या माणसाला?

"मग शिक्षा मला करा," त्या म्हणाल्या. "तिला कशाला?"

सरांनी कोरा कागद पुढे सरकवला. "मी काही कसाई नाही. ये बाळ, आपल्या पद्धतीनं सोडव. आत्ता पास करतो."

पोरीनं बाईंकडे पाहिलं. बाई काय सांगणार? हट्ट बाईंचा, वर्ष पोरीचं. त्यांनी होकारार्थी मान हलवली.

पोरीनं उभ्याउभ्याच सोडवलं. सात पलीकडे गेले, वजा झाले. २क्ष अलीकडे आले, वजा झाले. क्ष पुन्हा पाचच. सरांनी पूर्ण गुण देऊन सही ठोकली.

"हुशार आहे हो पोरगी," ते खूश होऊन म्हणाले.

बाहेर आल्यावर बाईंना तिच्याकडे बघवेना. पोरगीच त्यांची समजूत काढायला लागली.

"बाई, चिन्ह का बदलतं ते मला येतं. फक्त ते कुणाला कळू द्यायचं नाही, एवढंच ना?"