घास वळला तिकडे

बायको वारली त्यानंतरच्या वसंतात आयडाहोतल्या ऑर्विल लिंडस्ट्रमनं सगळ्या रानात गुरांच्या चाऱ्यासाठी नवा लसूणघास पेरला. बियाणंच असं घडवलेलं, की तणनाशकानं बाकी सगळं मरावं, घास मात्र टिकावा, आणि अळीनं त्याला तोंड लावू नये. घास जोमानं आला. रान मात्र गप्प झालं; ना किडा, ना पाखरू.

एका दुपारी ओसरीवर कॉफी पिताना ऑर्विलच्या लक्षात आलं, की वाऱ्याचं नाव नसताना सगळा घास त्याच्याकडे झुकला आहे. तो गोठ्याकडे गेला, तशी थोड्या वेळानं सगळी पाती गोठ्याकडे वळली.

त्यानं शेजारच्या मर्लला बोलावून दाखवलं. मर्ल खो-खो हसला. "अरे म्हाताऱ्या, बाकी सगळ्यांना तू मारून टाकलंस! आता तो बिचारा दुसऱ्या कुणाकडं बघणार?"

खरं तर ऑर्विलला ते बरंच वाटू लागलं होतं. घरात बोलायला कुणी नव्हतं. तो रोज खुर्ची बाहेर काढी, घासाशी हवापाण्याच्या गप्पा मारी आणि कापणी उद्यावर ढकली.

मग एके दिवशी तो बोलता बोलता थांबला. घास त्याच्याकडे झुकलाच नव्हता. सगळे शेंडे त्याच्या डोक्यावरून मागे, स्वयंपाकघराच्या खिडकीकडे लागले होते.

मागे न बघता ऑर्विल उठला, अंगण ओलांडून गोठ्याशी जाऊन उभा राहिला आणि वाट पाहू लागला. एकही पातं त्याच्याकडे वळलं नाही.

ऊन कलल्यावर अख्खं रान सावकाश हललं, आणि खिडकीवरून घराच्या दाराकडे वळू लागलं.