गुरुवारचा फोन

दर गुरुवारी फोन यायच्या आत त्र्यंबकराव घोटून दाढी करत. बायको गेल्यापासून "रात्री झोप लागली का?" असं विचारणारी, फोनवरची ती संशोधक मुलगी एकटीच होती. जोडीदार गमावलेल्यांना समुपदेशनाने किती गुण येतो, हे ती तपासत होती. तुलनेसाठी काहीजणांना समुपदेशन न देता नुसते प्रश्न विचारायचे, त्यांत हे.

"आजोबा, समुपदेशनाविनाच सावरलात की! कशामुळे?"

"तुझ्या फोनमुळे," अगदी ओठांवर आलं. पण परक्या पोरीवर आपलं ओझं कशाला? ते म्हणाले, "सकाळी फिरायला जातो ना."

"छान! आमचा अभ्यास आज संपला, आता फोन करणार नाही. काळजी घ्या हं!"

पुढच्या गुरुवारी अर्धी दाढी झाल्यावर त्यांना आठवलं. गालावरचा फेस पुसून ते तसेच, अर्ध्या दाढीने बसून राहिले.