लाल शेरा

"ॲपनं लाल शेरा दिला की आम्ही मुलीला खालच्या बॅचमध्ये घेतो," ईश्वरप्पा सर म्हणाले. "तिच्याच भल्यासाठी."

लातूरच्या त्या नीटच्या क्लासमध्ये भल्याचे असे बरेच नियम होते. होस्टेलात मोबाईल बंद. ॲपवर नाव मुलीचं, नंबर पालकाचा. तनुजाच्या नावापुढं तिच्या आईचा, सिंधुचा. मार्क, हजेरी सगळं त्यातच, पालकांच्या मोबाईलवर. त्यातच 'मनसोबती', लिहिलेल्याला उत्तर देणारी यंत्रातली मैत्रीण; मन खचलेलं दिसलं की ॲप लाल शेरा देई. मुलींनी रविवारी क्लासच्या संगणकावर बसून तिला मनातलं सांगायचं. कोणी वाचणार नाही, असं प्रवेशाच्या वेळी छातीठोकपणे सांगितलं होतं.

आता सर तेच स्क्रीनवरून मोठ्यानं वाचत होते. "'इथं मला कोणी विचारत न्हाई. सकाळी उठूच नये वाटतं.'"

हदगावहून आलेली सिंधु ताडकन उठली. "बंद करा ते! कुणाच्या मनातलं असं चारचौघांत वाचतेत का?"

"पालकांपासून काय लपवायचं?" सर म्हणाले.

तिचा नवरा रामकिशन लेकीवर उखडला. "काय कमी केलं गं तुला? ही असली रडगाणी लिहायला पाठवलं व्हतं का? लोक येडी म्हणतील!"

"अवो, ते तिनं..." सिंधु पुढं झाली.

"मीच लिहिलं, पप्पा," तनुजा मध्येच म्हणाली. मग सरांकडे वळली. "पण सर, ताप आला तर बॅच बदलत न्हाईत तुम्ही. मग मनाला काही झालं तर का? आत्ता पेपर द्या. मार्क कमी पडले तर मी आपणहून खाली जाते."

एवढीशी पोर, पण मागं हटेना. सरांनी मुद्दाम अवघड पेपर काढला. तनुजानं मान वर न करता सोडवला. सरांनी तपासला, पुन्हा तपासला. शेवटी नाइलाजानं पहिली बॅच तिला परत दिली. तोंड मात्र पाडूनच.

रामकिशन रिक्षा बघायला पुढं गेला. फाटकाशी सिंधु पदरानं डोळे पुसत होती. तनुजानं तिचा हात घट्ट धरला.

"आई, आता जे वाटंल ते मला सांगत जा," ती म्हणाली. "माझ्या नावानं त्या ॲपवर लिहू नको."