दहाव्याचा वस्तरा

विळीच्या पात्यावर अर्धा चिरलेला दुधी.

डिसेंबर २०१९. सूर्यग्रहण. सकाळचे नऊ.

जांभ्याचा उंबरा.

ओला वस्तरा.

“बापाशीपेक्षा तुका मिशी मोठी झाली रे?” कृष्णनाथकाका दत्तप्रसादवर ओरडले. त्या ग्रहणानंतर सहा वर्षांनी इब्रामपूरच्या नदीवर जमलेले भाऊबंद हसले. दहाव्याला हसू नये, तरी हसले. दत्तप्रसादने डोकं भादरून घेतलं होतं आणि मिशीवर हात धरून तो बसून राहिला होता. वडील गेले होते. हा थोरला मुलगा. सुटका नव्हती.

त्याने हात काढला.

मिसरूड फुटल्यापासून त्याने ती कधी उतरवली नव्हती. खाली एक पांढरी रेघ होती, ओठापासून नाकपुडीपर्यंत. शाळेत जायच्या आधीचे टाके. भाऊबंद ते विसरून गेले होते. वडील विसरले नव्हते, पण तेही कधी बोलले नाहीत.

घरी सुमंगला पाय धुवायला पाणी घेऊन उभी होती. पाच वर्षांची सुविधा पायरीवर बसली होती. तिच्या ओठावर तशीच रेघ होती, तिची अजून गुलाबी.

सुविधाला सांगितलेली गोष्ट दत्तप्रसादने रचलेली होती. रांगताना तू उंबऱ्यावर पडलीस. तेव्हापासून ती चौकट धरून उंबरा ओलांडायची, विहीर ओलांडावी तशी.

सुमंगलाची गोष्ट वेगळी होती. ती कुणाला सांगत नसे. ग्रहणात तिने दुधी चिरला होता. दिवस राहिलेत हे तेव्हा तिला ठाऊकही नव्हतं. बाळंतपणानंतर आलेल्या बायका पाळण्यातल्या बाळाच्या दुभंगलेल्या ओठाकडे बघत, मग तिच्या हातांकडे. डॉक्टर म्हणाले होते, कुणाच्या करण्याने असं होत नाही. आणि सहज विचारलं होतं, घरात आणखी कुणाला होतं का?

“नाय,” दत्तप्रसाद म्हणाला होता. सुमंगला शेजारच्या खुर्चीत होती. मूल तिच्या मांडीवर होतं.

आता सुविधा चौकट धरून पायरीवरून उठली. तिने बापाचं तोंड नीट पाहिलं.

“बाबा, तू पण उंबऱ्यार पडललंस?”

तांब्यातलं पाणी सुमंगलाच्या पायावर सांडत राहिलं. तिला ते कळलं नाही. तिने त्याच्या ओठावर अंगठा ठेवला, मुलीच्या ओठाला तेल लावताना ठेवायची तसा.

“डॉक्टरान विचारल्यान तेवा तुमी नाय म्हणालात,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता.

दत्तप्रसादला तिच्याकडे बघवेना म्हणून तो मुलीसमोर उकिडवा बसला.

“मी पडाक नाय, बाय. जल्माक येतानाच होता. तुझा पण तसाच. माझ्याकडसून इला तुका.”

“म्हणजे मी पडाकच नाय?”

“नाय.”

“मगे खोटा कित्याक सांगितलंस?”

सुविधाने चौकट सोडली आणि उंबऱ्यावर दोन्ही पाय ठेवून उभी राहिली. सुमंगला तांब्या खाली ठेवून आत गेली.

२०२२ च्या पावसाळ्यात, सुविधा दोन वर्षांची असताना, आपल्या हातून पुन्हा कुठल्या मुलाचं असं होऊ नये म्हणून सुमंगलाने मूल न होण्याचं ऑपरेशन करून घेतलं होतं. संमतीच्या कागदावर दत्तप्रसादने सही केली होती.