चिंचोक्यांचा डाव

पोशेऱ्यात दिवाळीला तीन पत्तीचा डाव बसे. कोंबडा ठेवला की ओंजळभर चिंचोके मिळायचे. ते संपले की दुसरं काही ठेवून पुन्हा बसायची मुभा होती. जव्हारहून बांगड्या विकायला आलेल्या अन्वरने चांगल्या पानांची वाट बघता बघता पहिली ओंजळ घालवली. मग त्याने अब्बांना न विचारता आणलेला ट्रान्झिस्टर मध्ये ठेवला.

एक गोष्ट त्याने हेरली होती. चाल वाढवली की इथले लोक मुकाट पानं टाकत होते. मग हातात काही नसलं तरी तो चाल वाढवतच गेला. एकेक गडी उठला, पुन्हा बसायला कुणी तयार होईना. शेवटी उरला तुका, त्याचेही शेवटचे चिंचोके डावात. दुर्री, पंजा, सत्ती छातीशी धरून अन्वरने आपला सगळा ढीग पुढे लोटला.

तुकाने कपाळावरचा घाम पुसला आणि पानं टाकली.

"भित्रे लेकाचे!" अन्वरने हसत ती पानं उलटली. तीन एक्के होते.



"रखमे, सुटलो गं!" तुका बायकोला हाका मारत घराकडे पळाला, "डाव अन्वरभाईनं जिंकला! औंदा अख्ख्या गावाला जेवण त्यांच्याकडं!"