चौदावी सीट

गावच्या बुद्धविहारातला पंखा गरगर फिरत होता आणि त्याच्याखाली पाच पोरं बसली होती. पहिल्या दिवशी बसायला जागा पुरली नव्हती. दामिनीने तरीही पाचांना शिकवलं, पुस्तक मिटलं आणि चरफडत घरी आली.

डी.एड. करून ती दर्यापूरजवळच्या आपल्या गावी आली होती आणि आल्या आल्या तिने हा उन्हाळी वर्ग काढला होता. पोरं वर्षभर शिकतात आणि सुट्टीनंतर कोरी करकरीत होऊन शाळेत परततात, हे तिला ठाऊक होतं. पण खरं सांगायचं तर हा सगळा खटाटोप एका मुलीसाठी होता. माया. चौथीत जाणारी माया परीक्षेच्या तोंडावर कुठे अक्षराला अक्षर जोडून वाचायला लागली होती. सुट्टीभर पुस्तक हाती आलं नाही, तर सगळं पाण्यात जाणार होतं.

आणि नेमकी मायाच येत नव्हती. वर्गाच्या दुसऱ्याच दिवशी ती अडखळत वाचू लागली आणि शालू फिस्सकन हसली. शालू हसली की सगळ्यांनी हसायचं, ही या पोरांची जुनी रीत. माया उठली, चपला हातात घेतल्या आणि अनवाणीच तापल्या रस्त्याने घरी गेली. दामिनी तिला आणायला दोनदा जाऊन आली. "मी नाई येत," यापलीकडे उत्तर नाही. तिची आई, आशाबाई, बिचारी ओशाळून म्हणाली, "तिचा हट्ट म्हंजे हट्टच हाये, ताई."

दामिनीचे वडील श्रावण दर्यापूरच्या रस्त्यावर काळीपिवळी चालवत. नऊ जणांच्या त्या जीपमध्ये चौदा माणसं बसवणं हा त्यांच्या हातचा मळ. रात्री जेवताना लेकीचं गाऱ्हाणं त्यांनी ऐकून घेतलं आणि भाकरीचा तुकडा मोडता मोडता विचारलं, "तू खाली गाडी काहून सोडतं वो? म्या कधी सोडली का? भरल्याबिगर हालाचंच नाई. मंग आत बसलेलेच वरडतात, या हो, एकच शीट बाकी हाये!"

दामिनीला आधी हसू आलं. मग घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी तिने चोराची गोष्ट काढली. एकेका पोराने एकेक पान वाचायचं. चोर अंधाऱ्या घरात शिरतो, चाचपडत पुढे जातो आणि झोपलेल्या अस्वलाच्या पोटावर हात ठेवतो. इथे दामिनीने पुस्तक मिटलं.

"उद्यापासून बाबांच्या गाडीचा कायदा," ती म्हणाली. "चौदा सीटा भरल्याशिवाय गोष्ट पुढे जाणार नाही. तेरा झाल्या तरी नाही."

पोरांना वाटलं, ताई गंमत करते आहे. दुसऱ्या दिवशी सात जण आले, तर ताई खुशाल शेंगा फोडत बसलेली. पोरांनी जरा वेळ चुळबुळ केली. मग शालू ताडकन उठली आणि बाहेर धावली, तिच्यामागे बाकीचे. थोड्याच वेळात पोरं पोरांना ओढत आणू लागली. एकाच्या हातात आंब्याची कोय, दोघं हापशीवरून निथळत आलेले. पिंटूला तर कडुनिंबावरून उतरवून आणला होता. चौदा भरले आणि अस्वलाने डोळे उघडले.

आठवडाभर गाडी अशीच भरून सुटली. रोज गोष्ट नको तिथेच थांबे, कारण दामिनी आता पक्की झाली होती. माया मात्र आली नाही. शोधून आणायला दुसरी पोरं गावात होती, त्यामुळे तिच्या दारापर्यंत जायची कोणाला गरजच पडली नव्हती.

मग तेल्हाऱ्याचं एक लग्न निघालं आणि अर्धी गल्ली तिकडे गेली. विहारात तेरा जण होते. चोर झाडावर, अस्वल झाडाखाली.

"गावात दुसरं पोट्टंच नाई, ताई," शालू रडकुंडीला येऊन म्हणाली.

"मग गाडी उभी." दामिनीने आणखी एक शेंग फोडली.

"एक हाये," पिंटू हळूच म्हणाला आणि त्याने शालूकडे पाहिलं. सगळ्यांनीच शालूकडे पाहिलं.

मायाच्या अंगणात खाटेवर कुरड्या वाळत होत्या आणि माया काठी घेऊन कोंबड्या हाकलत होती. तेराच्या तेरा जण दारात येऊन थांबले. दामिनी मुद्दाम मागे राहिली.

"माया, चाल नं," शालू खाली मान घालून म्हणाली. "तुयापायी गाडी अडली."

मायाने काठी खाली केली. तिच्यावाचून काही अडल्याचं तिने आजवर ऐकलं नव्हतं. "अन् ह्या कोंबड्या?"

"मी हाकलतो, तू जाय!" पिंटू पुढे सरसावला.

"अबे, मंग पुन्हा तेराच!" सगळे एका सुरात ओरडले. शेवटी आशाबाईनेच हसत हसत काठी घेतली.

वरात विहारापर्यंत आली. तेरा जण धडाधडा आत जाऊन बसले, माया मात्र उंबऱ्याशीच थांबली. दामिनी पुस्तक घेऊन आपल्या जागी बसली. आतून पोरं गयावया करू लागली, शालूने सरकून आपल्याशेजारी जागा केली. मायाने सगळ्यांवरून एक नजर फिरवली, सरळ दामिनीपाशी गेली आणि तिच्या हातातून पुस्तक घेतलं.

"आज सगळे पानं मीच वाचीन," ती म्हणाली. "कोनी हासलं, का मी उतरतो."